अमेरिकेत मंडळाचा कार्यक्रम करताना: राज्याची करमाफी आणि नोंदणी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी मंडळांची कार्यकारिणी दर एक-दोन वर्षांनी बदलते. जुने खजिनदार बँकेचे कागद, चेकबुक आणि पासवर्ड नव्यांच्या हाती देतात. मग संक्रांतीच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली की केटरर विचारतो, "तुम्ही टॅक्स एक्झेम्प्ट आहात का?" नवे खजिनदार मोठ्या विश्वासाने "हो" म्हणतात. त्या "हो"चा अर्थ राज्यागणिक बदलतो. मंडळांच्या खजिनदारांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फी, दर आणि मर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी आपल्या राज्याच्या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहून घ्या.

आमच्याकडे आयआरएसचं ५०१(सी)(३)चं पत्र आहे. मग सेल्स टॅक्स कशासाठी भरायचा?

कारण ५०१(सी)(३) हा करमाफ धर्मादाय संस्थेचा दर्जा देणारं ते पत्र आयआरएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कर खात्याचं आहे आणि सेल्स टॅक्स राज्याचा. आयआरएसचं पत्र दोन गोष्टी सांगतं: मंडळाच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, आणि देणगीदाराला दिलेल्या रकमेची वजावट मिळू शकते. दुकानातल्या पावतीवरच्या कराबद्दल त्यात अवाक्षर नाही.

राज्याच्या पातळीवर तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. मंडळ जे विकत घेतं त्यावर कर लागतो का? मंडळ जे विकतं त्यावर कर गोळा करायचा का? आणि लोकांकडे देणगी मागायला मंडळाला नोंदणी लागते का? पहिले दोन प्रश्न महसूल खात्याचे, तिसरा अनेक राज्यांत ॲटर्नी जनरलचा, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचा. एकाचं उत्तर "माफी आहे" असलं म्हणून उरलेल्या दोघांचंही तेच असेल असं धरून चालू नका. मंडळांना नंतर ज्या नोटिसा येतात त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच गोंधळ असतो.

आमच्या राज्यात नेमकं काय आहे?

सगळ्या राज्यांचा आढावा इथे मावणार नाही, पण मराठी वस्ती मोठी असलेल्या काही राज्यांवरून अंदाज येईल.

न्यू जर्सीत आरईजी-१ई हा अर्ज भरून राज्याकडून एसटी-५ हे प्रमाणपत्र मिळवावं लागतं. ते दाखवलं की मंडळाच्या खरेदीवरचा ६.६२५ टक्के कर लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये अर्ज एसटी-११९.२ आणि प्रमाणपत्र एसटी-११९.१. टेक्सासात एपी-२०४ हा अर्ज कंप्ट्रोलरकडे, म्हणजे राज्याच्या कर अधिकाऱ्याकडे जातो आणि मंजुरीनंतर दुकानदाराला ०१-३३९ हे प्रमाणपत्र मंडळानेच भरून द्यायचं असतं. तिथे राज्याचा आणि स्थानिक मिळून कर ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे हॉल आणि जेवण मोठं असेल तर बचत चांगली होते. इलिनॉयमध्ये राज्य ई-नंबर हा करमाफीचा क्रमांक देतं. तो पाच वर्षांनी संपतो आणि नेमका गणपतीच्या आठवड्यात ही गोष्ट लक्षात येते, म्हणून संपण्याची तारीख कार्यकारिणीच्या कॅलेंडरवर हवी.

कॅलिफोर्नियाचा मामला वेगळा आहे आणि तिथे नव्याने आलेल्या मंडळींना तो पटत नाही. कॅलिफोर्नियात ना-नफा संस्थांना खरेदीवर सरसकट माफी नाही. बे एरियातल्या मंडळाने सजावटीचं सामान घेतलं तर ७.२५ टक्के मूळ दर आणि वर स्थानिक कर, असा पूर्ण कर द्यावाच लागतो. फ्रँचाइज टॅक्स बोर्डाकडे एफटीबी-३५००ए भरून मिळते ती राज्याच्या आयकराची माफी. ती घ्यायलाच हवी, नाहीतर किमान ८०० डॉलरचा वार्षिक कर मागे लागतो. पण ते पत्र दुकानात दाखवून उपयोग नाही.

जॉर्जियातही सर्वसाधारण माफी नाही. वॉशिंग्टन राज्यात खरेदीवर कर द्यावा लागतो, मात्र निधी उभारण्यासाठी केलेल्या विक्रीला बरीच सूट आहे. नॉर्थ कॅरोलिनात आधी कर भरायचा आणि मग ठरलेल्या खरेदीवरचा परतावा सहामाही अर्ज करून मागायचा. तिथल्या खजिनदारांनी पावत्या सांभाळल्या नाहीत तर मंडळाचे पैसे सरळ राज्याकडे राहतात. ओरेगन, डेलावेअर, माँटाना आणि न्यू हॅम्पशायर इथे राज्याचा सर्वसाधारण सेल्स टॅक्सच नाही. अलास्कातही राज्याचा नाही, पण काही गावांचा आहे.

स्वयंसेवकाने स्वतःच्या कार्डवर सामान घेतलं आणि मंडळाने नंतर पैसे दिले. माफी मिळेल?

बहुतेक राज्यांत नाही. खरेदी मंडळाच्या नावावर आणि मंडळाच्या पैशाने झाली पाहिजे, म्हणजे मंडळाचा चेक किंवा मंडळाचं कार्ड. न्यू जर्सी याबाबत काटेकोर आहे. केटररला प्रमाणपत्र बिल तयार होण्याआधी पाठवा. बिल झाल्यावर कर काढून घ्यायला तो कुरकुरतो आणि त्याचंही चुकत नाही. होलसेल दुकानांत एकदा प्रमाणपत्र देऊन मंडळाच्या सदस्यत्वावर नोंद करून घेतली की दरवेळी कागद दाखवावा लागत नाही.

आमचा अर्ज अजून मंजूर नाही. शेजारच्या देवळाचं प्रमाणपत्र वापरलं तर चालेल? तेही आपलेच लोक आहेत.

चालणार नाही. प्रमाणपत्र ज्या संस्थेचं, खरेदीही तिचीच असावी लागते. देऊळ मोठ्या मनाने "वापरा" म्हणेल, पण त्यात त्यांची माफी धोक्यात येते आणि आपण त्यांना अडचणीत आणतो. यासाठी वैध वाट आहे ती फिस्कल स्पॉन्सरशिपची. लेखी करार करून तो कार्यक्रम खरोखरच दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली घ्यायचा. पैसे तिच्या खात्यात, हिशोब तिच्या वहीत आणि जबाबदारीही तिची. नव्या मंडळांनी पहिल्या वर्षी हे जरूर करावं.

मंडळ कुठेच नोंदलेलं नाही. पैसे एका सदस्याच्या खात्यात जमा होतात. तीस-चाळीस कुटुंबंच तर आहेत.

सगळ्यात आधी हे थांबवा. त्या सदस्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर हजारो डॉलर जमा होताना दिसतात आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर त्या एकट्याला द्यावं लागतं. हॉलमध्ये कुणी पडून जखमी झालं तर दावाही त्याच्यावर येऊ शकतो. चांगुलपणाने पुढे आलेल्या माणसावर आपण हे ओझं टाकू नये.

राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे ना-नफा कॉर्पोरेशन नोंदवायला फार खर्च नाही. कॅलिफोर्नियात ही फी ३० डॉलर आहे. त्यानंतर आयआरएसकडून ईआयएन, म्हणजे संस्थेचा कर-ओळखक्रमांक, मोफत मिळतो आणि बँकेत मंडळाचं खातं उघडता येतं. मग ५०१(सी)(३) दर्जासाठीचा अर्ज, म्हणजे फॉर्म १०२३. वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल आणि मालमत्ता २,५०,००० डॉलरहून कमी असेल तर छोटा १०२३-ईझेड चालतो. त्याची फी २७५ डॉलर, मोठ्या फॉर्मची ६००. ज्यांची वार्षिक जमा साधारणपणे ५,००० डॉलरपेक्षा जास्त नसते त्यांना केंद्राकडे अर्ज न करताही ५०१(सी)(३) मानलं जातं, पण राज्याची माफी, शाळेच्या हॉलचा सवलतीचा दर आणि कंपन्यांच्या मॅचिंग देणग्या यांसाठी सगळे पत्रच मागतात. म्हणून छोट्या मंडळानेही अर्ज करावा असं माझं ठाम मत आहे.

कार्यक्रमाच्या तिकिटावर सेल्स टॅक्स लागतो का?

हेही राज्यावर. कॅलिफोर्नियात नुसत्या प्रवेशशुल्कावर सेल्स टॅक्स नाही, पण तिकिटात जेवण धरलं असेल तर जेवणाच्या हिश्शाचा प्रश्न येतो. न्यूयॉर्कमध्ये करमणुकीच्या प्रवेशावर कर आहे, मात्र प्रत्यक्ष रंगमंचावरचं नाटक, नृत्य आणि संगीत त्यातून वगळलेलं आहे. टेक्सास आणि न्यू जर्सीत करमणुकीच्या तिकिटावर कर आहे आणि पात्र ना-नफा संस्थेला सूटही आहे.

या करसवलतीला एक अट चिकटलेली असते आणि आपल्याकडे तिचा संबंध वारंवार येतो. भारतातलं नाटक घेऊन एखादा प्रमोटर अमेरिकेचा दौरा आखतो आणि गावोगावच्या मंडळांना सांगतो, "हॉल तुमचा, तिकीटविक्री तुमची, उत्पन्न निम्मं-निम्मं." असा वाटा ठरला की उत्पन्नाचा भाग खासगी खिशात जातो. न्यू जर्सीत माफीसाठी सगळं उत्पन्न माफीपात्र संस्थेलाच मिळायला हवं. टेक्सासातही कुणा व्यक्तीचा लाभ होता कामा नये. त्यापेक्षा प्रमोटरला ठरावीक मानधन द्या आणि तिकिटाचं सगळं उत्पन्न मंडळाकडे ठेवा. करार करतानाच हे वाक्य त्यात घालून घ्या. प्रयोगाच्या दिवशी वाटाघाटी करायला कुणालाच वेळ नसतो.

दिवाळीत फराळ, टी-शर्ट, पुस्तकं विकतो. त्यावर कर गोळा करायचा का?

खरेदीवर माफी असली तरी विक्रीवर असेलच असं नाही. फ्लोरिडात, उदाहरणार्थ, खरेदीचं प्रमाणपत्र असलेल्या संस्थेलाही विक्रीवर साधारणपणे कर गोळा करावा लागतो. काही राज्यं वर्षातल्या मोजक्या दिवसांची मुभा देतात. टेक्सासात पात्र संस्थेला कॅलेंडर वर्षात एकेका दिवसाच्या दोन करमुक्त विक्री करता येतात. इलिनॉयमध्येही अधूनमधूनची जेवणं आणि तत्सम विक्री वर्षातून दोनदा चालते. म्हणून टेक्सासातल्या मंडळांनी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावं की हे दोन दिवस कुठे वापरायचे. गुढीपाडव्याला पाचपन्नास डॉलरच्या विक्रीत एक दिवस खर्ची घालण्यात शहाणपण नाही. गणपती आणि दिवाळीसाठी ते राखून ठेवावेत.

कॅलिफोर्नियात वस्तू विकायच्या तर सेलर्स परमिट, म्हणजे विक्रेत्याचा राज्याचा परवाना, लागतो. एखाद्या कार्यक्रमापुरतं तात्पुरतं परमिटही मिळतं आणि त्याला फी नाही.

आमच्या मेळ्यात बाहेरचे विक्रेते साड्यांचे आणि दागिन्यांचे स्टॉल लावतात. त्यांचा कर ही त्यांची जबाबदारी ना?

कर त्यांचा, पण आयोजक म्हणून कागद तुमच्याकडे हवा. कॅलिफोर्नियात अनेक विक्रेते असलेल्या कार्यक्रमाच्या आयोजकाने प्रत्येकाकडून परमिट असल्याचा, किंवा ते का लागत नाही याचा, लेखी पुरावा घ्यायचा असतो. स्टॉलच्या अर्जातच परमिट क्रमांकाचा रकाना ठेवा आणि तो रिकामा असेल तर जागा देऊ नका. त्याच अर्जात विम्याची माहितीही मागून घ्या.

घरी केलेले उकडीचे मोदक विकले तर?

हा कराचा विषय नाही, काउंटीच्या आरोग्य खात्याचा आहे. घरच्या स्वयंपाकघरातले ओले, नाशवंत पदार्थ लोकांना विकायला साधारणपणे परवानगी मिळत नाही. चिवडा-लाडवांसारख्या कोरड्या पदार्थांना अनेक राज्यांत कॉटेज फूड, म्हणजे घरगुती खाद्यविक्रीच्या, नियमांखाली वाट आहे. जेवण वाढणार असाल तर परवानाधारक केटरर आणि काउंटीचं तात्पुरतं खाद्यपरमिट, हे दोन्ही आधी पाहा.

देणगी मागायलाही नोंदणी लागते?

लागते, आणि हा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. सुमारे ४० राज्यांत लोकांकडे देणगी मागण्याआधी किंवा मागायला लागल्यावर ठरावीक मुदतीत धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी करावी लागते. देवळांना आणि चर्चला बहुतेक ठिकाणी यातून सूट असते. मराठी मंडळ मात्र सांस्कृतिक संस्था आहे. आपण गणपती बसवतो म्हणून आपण धार्मिक संस्था ठरत नाही.

कॅलिफोर्नियात मालमत्ता हाती आल्यापासून ३० दिवसांत सीटी-१ हा अर्ज ॲटर्नी जनरलकडे जातो आणि मग दरवर्षी आरआरएफ-१ हा नूतनीकरणाचा अर्ज. तो राहिला तर संस्थेची स्थिती "डेलिंक्वेंट" (कसूरदार) अशी जाहीर दिसते आणि त्या अवस्थेत काम करायला किंवा देणगी मागायला मनाई असते. २०२३ मध्ये लागू झालेल्या कायद्याने ऑनलाइन देणगी मंचांनाही अशा संस्थांसाठी निधी मागायला बंदी केली आहे. म्हणजे देणगीचं बटण ऐन दिवाळीत बंद होऊ शकतं.

न्यू जर्सीत वर्षाच्या देणग्या १०,००० डॉलरपर्यंत असतील आणि सगळं काम स्वयंसेवकच करत असतील तर नोंदणीतून सूट आहे. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात हा आकडा २५,००० डॉलर आहे आणि पैसे देऊन निधी गोळा करणारा नेमला तर तिथली सूटही जाते. न्यूयॉर्कचा अर्ज सीएचएआर-४१०, पेनसिल्व्हेनियाचा बीसीओ-१०. टेक्सासात अशी सर्वसाधारण नोंदणी नाही.

लकी ड्रॉ ठेवला तर काय? दहा डॉलरचं कूपन, पहिलं बक्षीस सोन्याचं नाणं.

पैसे घेऊन कूपन विकलं की कायद्याच्या नजरेत तो जुगाराचा प्रकार होतो. ना-नफा संस्थांना त्यातून मर्यादित सवलत असते. कॅलिफोर्नियात आधी ॲटर्नी जनरलकडे रॅफलची, म्हणजे अशा सोडतीची, वेगळी नोंदणी करावी लागते आणि जमा रकमेतले किमान ९० टक्के धर्मादाय कामाला गेले पाहिजेत. निम्मे पैसे विजेत्याला देणारा "फिफ्टी-फिफ्टी" खेळ मंडळांना तिथे करताच येत नाही. न्यू जर्सीत राज्याच्या आयोगाकडून ओळखक्रमांक घेऊन जिथे कार्यक्रम आहे त्या गावाच्या नगरपालिकेकडे परवाना मागायचा असतो. या परवान्याला वेळ लागतो. प्रवेशिकेवरच नंबर टाकून, वेगळे पैसे न घेता सोडत काढण्याची पद्धत अनेकजण सुचवतात. प्रवेशच विकत घ्यावा लागत असेल तर तीही सुरक्षित नाही.

तिकिटाचे पैसे देणगी म्हणून दाखवता येतात का? सभासद विचारतात.

बदल्यात जे मिळालं त्याची किंमत वजा करून उरेल तेवढीच देणगी. निधीसाठीच्या स्नेहभोजनाचं तिकीट १०० डॉलर आणि जेवणाची व कार्यक्रमाची बाजारातली किंमत ४० असेल, तर देणगी ६० डॉलरची. रक्कम ७५ डॉलरपेक्षा जास्त असेल तर हे लेखी कळवणं मंडळावर बंधनकारक आहे. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला पोचपावती नसेल तर देणगीदाराला वजावट मिळत नाही. २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन (ठरलेली सरसकट वजावट) घेणाऱ्यांनाही रोख देणगीवर १,००० डॉलर, आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट घेता येते. त्यामुळे आजवर पावती न मागणारे सभासदही आता मागतील. तयारी ठेवा.

स्मरणिकेतल्या जाहिराती आणि प्रायोजकांचे पैसे यांवर कर आहे?

प्रायोजकाचं नाव, बोधचिन्ह, पत्ता दाखवून आभार मानणं निराळं आणि "आमच्याकडे सर्वात स्वस्त गृहकर्ज, आजच फोन करा" हे निराळं. पहिलं प्रायोजकत्व, दुसरी जाहिरात. जाहिरातीचं उत्पन्न मंडळाच्या उद्देशाशी असंबद्ध धंदा मानलं जाऊ शकतं आणि असं ढोबळ उत्पन्न १,००० डॉलर किंवा जास्त असेल तर फॉर्म ९९०-टी हे करविवरणपत्र भरावं लागतं. जवळजवळ सगळं काम विनामोबदला स्वयंसेवकांनी केलं असेल तर त्यातून सूट आहे आणि आपल्या बहुतेक अंकांना ती लागू पडते. म्हणूनच अंकाचं काम कोणी, काय आणि विनामूल्य केलं याची नोंद ठेवा.

भारतातून कलाकार बोलावले तर राज्याचा काय संबंध?

आधी केंद्राचा. अनिवासी कलाकाराच्या मानधनातून साधारणपणे ३० टक्के कर कापून भरायचा असतो आणि कर कापल्याचा १०४२-एस हा फॉर्म कलाकाराला द्यायचा असतो. मंडळ ना-नफा आहे म्हणून कलाकाराचं मानधन करमुक्त होत नाही. कॅलिफोर्नियात अनिवासी कलाकाराला वर्षात १,५०० डॉलरपेक्षा जास्त दिले तर राज्यासाठी आणखी ७ टक्के कापावे लागतात. व्हिसाही योग्य हवा. पर्यटक व्हिसावर आलेल्या गायकाला मानधन देऊन कार्यक्रम करता येत नाही. लोककलांसाठी पी-३ हा वर्ग आहे. मानधन ठरवतानाच "कर कापून हातात किती" हे कलाकाराला सांगा, म्हणजे मैफलीनंतर मनं दुखावत नाहीत.

दुसऱ्या राज्यात कार्यक्रम केला तर आमची माफी तिथे चालते का?

धरून चालू नका. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२२ चं अधिवेशन अटलांटिक सिटीत, म्हणजे न्यू जर्सीत झालं आणि २०२४ चं सॅन होजेत, म्हणजे कॅलिफोर्नियात. एका राज्यात पात्र संस्थेला खरेदीवर माफी मिळते, दुसऱ्यात मिळतच नाही. तोच आराखडा घेऊन अंदाजपत्रक केलं तर लाखोंच्या खर्चात मोठा फरक पडतो. हॉटेलचे कर तर आणखी वेगळे. टेक्सासात सेल्स टॅक्स माफ असलेल्या प्रत्येक ५०१(सी)(३) संस्थेला हॉटेल कर माफ नसतो. त्यासाठी धर्मादाय, शैक्षणिक किंवा धार्मिक असल्याचं राज्याकडून वेगळं ठरवून घ्यावं लागतं.

कार्यक्रमातून महाराष्ट्रातल्या पूरग्रस्तांसाठी पैसे जमवले. थेट गावातल्या संस्थेला पाठवू का?

त्या संस्थेची एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची भारत सरकारची परवानगी, असेल तरच. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच स्वीकारता येते. देणगीवर आयकर सवलत देणारं भारतातलं ८०-जी प्रमाणपत्र इथल्या देणगीदाराच्या उपयोगाचं नाही. पैसा कुठे जाईल हे मंडळाच्या कार्यकारिणीने ठरावाने ठरवायचं आणि विनियोगाचा हिशोब मागवायचा. देणगीदाराने "या माणसालाच द्या" म्हटलं आणि मंडळाने नुसतं पुढे पाठवलं, तर ती वजावटपात्र देणगी राहत नाही.

निवडणुकीचा उमेदवार गणपतीच्या दर्शनाला येतो म्हणतो.

दर्शनाला कुणीही यावं. मंचावरून पाठिंबा, त्या उमेदवाराला मत देण्याचं आवाहन, मंडळाच्या मेलिंग लिस्टवरून प्रचार, यातलं काहीही ५०१(सी)(३) संस्थेला चालत नाही.

मागच्या कार्यकारिणीने काही वर्षं काहीच भरलेलं नाही. आता काय?

आधी आयआरएसच्या संकेतस्थळावरच्या संस्थाशोधात मंडळाचं नाव पाहा. जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर आयआरएसला द्यायचं वार्षिक विवरण म्हणून ९९०-एन हे छोटं ई-पोस्टकार्ड पुरतं. आर्थिक वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते भरायचं, म्हणजे कॅलेंडर वर्ष असेल तर १५ मे. सलग तीन वर्षं चुकलं की माफी आपोआप रद्द होते. मागच्या दोनच वर्षांचं राहिलं असेल तर आजच बसून यंदाचं भरा.

माफी रद्द झाली असेल तर नव्याने १०२३ किंवा १०२३-ईझेड भरावा लागतो. छोट्या संस्थेची माफी पहिल्यांदाच रद्द झाली असेल आणि रद्द झाल्याच्या सूचनेपासून १५ महिन्यांत अर्ज केला, तर ती मागील तारखेपासून परत मिळण्याची सोपी वाट आहे. तोवर देणगीच्या पावत्यांवर "करवजावटपात्र" छापू नका. आणि केंद्राचं पत्र परत आलं की तिथे थांबू नका: ते राज्याच्या महसूल खात्याला आणि ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाला वेगवेगळं पाठवा, कारण ही कार्यालयं एकमेकांना कळवतीलच असं नाही.